सामू आणि साठा

दुबईच्या पूर्व टोकाला, शारजाच्या हद्दीला खेटून मुहैस्नाह नावाची वस्ती आहे. तिचे चार भाग. त्यांतला दुसरा भाग सोनापूर या नावाने भारतीय उपखंडातल्या घराघरांत ठाऊक आहे, कारण शहर उभारणाऱ्या मजुरांच्या राहण्याच्या इमारती तिथे आहेत. चौथ्या भागात शाळांची दाटी आहे. या वस्तीजवळ नदी नाही, तलाव नाही, पावसाच्या भरवशावर तर इथे काहीच चालत नाही. नळाला येणारे पाणी मुळात समुद्राचे. चाळीसेक किलोमीटरवर, किनाऱ्यालगत जेबेल अली येथे वीज आणि पाणी तयार करणारे अवाढव्य संकुल आहे. रोज ४९ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे २२० कोटी लिटर, पाणी गोडे करण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. आखाताचे पाणी महासागरापेक्षाही खारट: महासागरात लिटरमागे सरासरी ३५ ग्रॅम क्षार, तर इथे ४० ग्रॅमच्या वर. एवढा खटाटोप करून हे क्षार काढायचे, पाणी जवळजवळ निखळ करायचे, आणि नंतर त्याच पाण्यात चुना किंवा चुनखडी आणि कार्बन डायऑक्साइड मुद्दाम घालायचे, ही जगभरच्या अशा प्रकल्पांची रीत आहे. जे काढले त्याचाच थोडा भाग परत कशाला घालायचा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना लक्षात येते की पाणी आम्लधर्मी आहे की आम्लारीधर्मी, हे सांगणारा एकटा आकडा आपल्याला फार थोडे सांगतो. पाणी किती टिकून राहील, हे त्या आकड्यात दिसतच नाही.

तो आकडा म्हणजे सामू, ज्याला आपण पीएच म्हणतो. डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन्सेन यांनी १९०९ मध्ये तो मांडला. पाण्यात हायड्रोजनचे आयन किती आहेत, हे मोजण्याची ती सोयीची पट्टी. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. ही पट्टी साध्या फुटपट्टीसारखी समान अंतरांची नाही, हे मात्र सतत ध्यानात ठेवावे लागते: एक पायरी उतरलो की हायड्रोजन आयन दहापट होतात, तीन पायऱ्या उतरलो की हजारपट. शिवाय ७ हा आकडाही अढळ नाही. पाणी ५० अंशांपर्यंत तापले की शुद्ध पाण्याचाच सामू सुमारे ६.६ होतो, आणि तरीही ते पाणी उदासीनच असते. शाळेत सामूची पट्टी शिकवली जाते, लिटमस आणि रंगीत कागद दाखवले जातात, आणि लिंबू इथे, साबण तिथे असे खुणावून धडा संपतो. ते चूक नाही. पण विषयाचा अर्धा भाग तिथे सुटतो, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा अर्धा.

एक हंडा आणि एक विहीर, दोन्हींतले पाणी काठापासून वीतभर खाली आहे असे समजा. दोन्हींतून एकेक तांब्या काढला तर हंड्यातली पातळी चटकन खाली जाईल, विहिरीतली हललेलीही कळणार नाही. पातळी पाहून हा फरक आधी सांगता आला नसता. सामू म्हणजे पातळी. आता हेच आकड्यांत पाहू. एक लिटर शुद्ध पाणी घेतले, सामू ७. त्यात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकच मिलिलिटर टाकला. सामू थेट ४ वर येतो. हायड्रोजन आयन हजारपट झाले. आता दुसरे एक लिटर पाणी घ्या, ज्यात बायकार्बोनेट आहे, लिटरमागे दोन मिलिमोल, आणि सोबत त्याच्या एकदशांश विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. याचा सामू ७.३५ च्या आसपास. त्यातही तेवढेच आम्ल टाकले, वायू निसटू दिला नाही, तर सामू सुमारे ७.१५ होतो. हायड्रोजन आयन हजारपट होण्याऐवजी दीडपटीच्या किंचित वर गेले. आधी दोन्ही पाण्यांचे सामू जवळजवळ सारखे होते, आणि नंतर एकाचा सामू टोमॅटोच्या रसाच्या जवळ गेला, तर दुसऱ्याचा जेमतेम हलला.

या दुसऱ्या पाण्याला बफर द्रावण म्हणतात. सौम्य आम्ल आणि त्याच आम्लापासून झालेला आम्लारी जोडीदार, असे दोघेही पुरेशा प्रमाणात एकत्र असले की बफर तयार होतो. बाहेरून आम्ल आले की बायकार्बोनेट हायड्रोजन आयन उचलतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊन बसतो; आम्लारी आली की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तिला गिळून बायकार्बोनेट होतो. आलेला आयन नष्ट होत नाही, तो बांधला जातो. ही कल्पना सोरेन्सेन यांच्या पट्टीपेक्षा थोडी जुनीच आहे. १९०० मध्ये फ्रान्समध्ये फर्नबाख आणि ह्यूबर्ट यांना माल्टमधल्या विकरांवर काम करताना फॉस्फेटच्या अंगी हा गुण दिसला होता. १९०८ मध्ये हार्वर्डच्या लॉरेन्स हेंडरसन यांनी रक्ताच्या संदर्भात त्याचे गणित मांडले, आणि पुढच्या दशकात डेन्मार्कच्या हासेलबाल्क यांनी ते सामूच्या भाषेत आणले. त्या सूत्राचा गाभा एवढाच: सामू ठरतो तो दोन जोडीदारांच्या गुणोत्तरावर, आणि तो किती तग धरेल हे ठरते त्यांच्या एकूण प्रमाणावर. गुणोत्तर सारखे ठेवून दोन्ही शंभरपट पातळ केले तर सामू जवळपास तोच दिसतो, पण तग धरण्याची ताकद शंभराव्या भागाइतकी उरते. आपण मोजतो ते गुणोत्तर, आपल्याला हवा असतो तो साठा. पाण्याच्या बाबतीत या साठ्याला अल्कता म्हणतात.

जेबेल अलीसारख्या ठिकाणी हा साठा कसा जातो ते पाहू. समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट असते, लिटरमागे सुमारे १४० मिलिग्रॅम; त्याच्या जोरावर समुद्राचा सामू ८.१ च्या जवळपास राहतो. पाणी तापवून, कमी होत जाणाऱ्या दाबाखाली टप्प्याटप्प्याने उकळून वाफ धरायची, ही आखातातली जुनी मुख्य पद्धत. तापताना बायकार्बोनेट मोडते, कार्बन डायऑक्साइड वायू होऊन निघतो, आणि नळ्यांवर पांढरा थर बसू पाहतो. वाफेचे पुन्हा पाणी होते तेव्हा त्यात लिटरमागे काही मिलिग्रॅम क्षार उरतात. दुसरी पद्धत पडद्यातून दाबाने पाणी पिळून काढण्याची, म्हणजे आपल्या घरातल्या आरओची मोठी बहीण. तिथे पडदा बायकार्बोनेट अडवतो, पण विरघळलेला वायू मात्र आरपार जाऊ देतो. म्हणजे आम्ल येते आणि त्याचा जोडीदार मागे राहतो. दोन्ही वाटांनी मिळणारे पाणी स्वच्छ असते, पण साठ्याच्या हिशेबाने कफल्लक. ते उघड्या भांड्यात ठेवले तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा सामू ५.६ पर्यंत घसरतो.

असे पाणी चाळीस किलोमीटर नळांतून पाठवले की काय होते? लोखंडी नळात ते लोखंड खाते आणि तांबूस होऊन तोटीतून बाहेर येते. सिमेंटचे अस्तर असलेल्या नळात ते अस्तरातला चुना विरघळवते, आणि तिथे त्याचा सामू उलट चढतो, कधी १० च्याही वर. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तशी याची गत. एकच पाणी एका नळात आम्लाच्या बाजूला आणि दुसऱ्यात आम्लारीच्या बाजूला झुकते. ज्याला स्वतःचा साठा नाही त्याला सोबत्याचा सामू मिळतो. म्हणून कुवेतमध्ये ऊर्ध्वपातित पाण्यात थोडे मचूळ भूजल मिसळण्याची रीत पडली, आणि इतरत्र पाणी चुनखडीच्या थरांतून कार्बन डायऑक्साइडसह सोडण्याची किंवा विरवलेला चुना व तोच वायू एकत्र देण्याची. चुनखडी, वायू आणि पाणी मिळून कॅल्शियम बायकार्बोनेट होते. पावसाचे पाणी डोंगरातून झिरपताना निसर्गात जे वर्षानुवर्षे घडते, ते इथे काही मिनिटांत घडवले जाते.

इथे एक रास्त शंका येते. सामूच सुधारायचा असेल तर एवढा उपद्व्याप कशाला, चिमूटभर कॉस्टिक सोडा टाकून ७ चा ८ करता येणार नाही का? येईल की. निखळ पाण्याचा सामू ७ वरून ८ वर न्यायला लिटरमागे जेमतेम ०.०४ मिलिग्रॅम सोडा पुरतो. हजार लिटरच्या टाकीला ४० मिलिग्रॅम. पण हा स्वस्त उपायच आपले म्हणणे सिद्ध करतो. जेवढ्या अल्प सोड्याने सामू चढला तेवढ्याच अल्प आम्लाने तो उतरतो. टाकीवरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड एवढे काम सहज करून टाकेल. लिटरमागे दोन मिलिमोल बायकार्बोनेट असलेल्या पाण्याचा साठा या सोड्याच्या दोन हजारपट असतो. प्रयोगशाळेच्या अहवालात दोघांपुढे ८ हाच आकडा लिहिता येईल. नळांवर आणि टाक्यांवर जबाबदारी असलेल्या माणसाने मात्र अहवालात अल्कतेचा रकाना नसेल तर तो मागून घ्यावा. इस्रायलमध्ये २००५ मध्ये अश्कलोनचा मोठा प्रकल्प सुरू झाल्यावर या पाण्याने शेतीचे आणि नळांचे काय होते याचा अभ्यास झाला, आणि तिथे नव्या शिफारशींमध्ये सामूच्या मर्यादेबरोबर अल्कतेची किमान पातळी, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिटरमागे ८० मिलिग्रॅमच्या वर, वेगळी नमूद झाली. सामू पुरेसा असता तर दुसऱ्या आकड्याची गरजच पडली नसती.

महाराष्ट्रात याचा दाखला हवा असेल तर बुलढाणा जिल्ह्यातले लोणार घ्या. उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये झालेल्या, पावणेदोन किलोमीटरहून जास्त व्यासाच्या त्या विवरात सरोवर आहे, आणि त्याचा सामू १० च्या जवळपास. दर पावसाळ्यात त्यात किंचित आम्लधर्मी पावसाचे पाणी येते, काठच्या झऱ्यांचे गोडे पाणी येते. तरीही सरोवर आपला स्वभाव सोडत नाही, कारण त्यात सोडियमच्या कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचा प्रचंड साठा आहे. पूर्वी इथून दल्ला, खुप्पल, पापडी अशा नावांचे खार काढले जात, तो हाच साठा. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. एरवी कोणी तग धरणार नाही अशा पाण्यात त्यांची वस्ती होऊ शकते, ती पाण्याचा सामू स्थिर असल्यामुळेही. याच्या उलट टोक कोकणात. जांभ्या दगडातून पावसाने चुना कधीच धुऊन नेलेला, त्यामुळे तिथल्या विहिरींचे पाणी मऊ आणि अनेकदा किंचित आम्लधर्मी. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात, तिथले पाणी जड. कोकणातून आखातात पिढ्यान् पिढ्या माणसे जात आली आहेत; गावच्या विहिरीचे मऊ पाणी आणि मुहैस्नाहच्या नळाचे समुद्रातून काढलेले पाणी, या दोन अगदी वेगळ्या पाण्यांची मूळ अडचण एकच आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो, आणि तो वजनदार आहे. साठा चांगला, तर मग भरपूर का नको? कारण कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही जास्त झाले की ते पाण्यात राहत नाहीत. उन्हाळ्यात मुहैस्नाहमधल्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की थंड पाण्याच्या नळालाही गरम पाणी येते. तापलेल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते, आणि गीझरच्या कॉइलवर, बादलीच्या तळाला पांढरा थर धरतो. पाणी चुना विरघळवेल की साचवेल, हे आधी सांगण्याचे गणित कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्फ्रेड लँजेलिअर यांनी १९३६ मध्ये मांडले. त्यात सामूबरोबर तापमान, कॅल्शियम आणि अल्कता ही तिन्ही लागतात. किंचित साचवणारे पाणी उत्तम मानतात, कारण चुन्याचा पातळ पापुद्रा नळाच्या आतल्या भिंतीला सांभाळतो. म्हणजे साठ्याला वरची मर्यादा आहेच. पण ती ठरवायलाही साठा मोजावा लागतो, हे विसरता येत नाही.

तिसरा प्रश्न थेट शरीराचा. बाटल्यांवर सामू ९.५ असे ठळक छापून विकले जाणारे ‘अल्कधर्मी’ पाणी रक्ताला अल्कधर्मी करते, असा दावा केला जातो. हिशेब करून पाहू. अशा पाण्याच्या २५० मिलिलिटरच्या पेल्यात, त्यात दुसरे काही नसेल तर, सुमारे ८ मायक्रोमोल हायड्रॉक्साइड असते. जठरातल्या रसाचा सामू १.५ धरला तर त्याचा पाव मिलिलिटर हे सगळे संपवायला पुरतो. पुढे रक्त तर स्वतःच बायकार्बोनेटचा बफर आहे: लिटरमागे २४ मिलिमोल बायकार्बोनेट, त्याच्या विसाव्या भागाइतका विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, आणि सामू ७.३५ ते ७.४५ च्या अरुंद पट्ट्यात. त्यावर फुप्फुसे वायू बाहेर टाकून आणि मूत्रपिंडे बायकार्बोनेट राखून सतत पहारा देतात. बाटलीत खरोखर बायकार्बोनेट भरपूर असेल तर ते जठरातले थोडे आम्ल नक्की मारेल, पण तेव्हा श्रेय बायकार्बोनेटच्या मात्रेला, झाकणावरच्या ९.५ ला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही पिण्याच्या पाण्याच्या सामूला आरोग्याच्या कारणाने मर्यादा ठरवलेली नाही. तो जपायचा तो मुख्यतः निर्जंतुकीकरण नीट व्हावे आणि नळांतले धातू पाण्यात उतरू नयेत म्हणून. निखळ पाणी प्यायल्याने माणूस आजारी पडतो, असेही म्हणणे बरोबर नाही. आपल्याला लागणारी बहुतेक खनिजे अन्नातून मिळतात. पाण्यातला साठा आधी नळासाठी आणि टाकीसाठी आहे, आणि नळ सुरक्षित राहिला की त्याचा लाभ पिणाऱ्याला.

सामूवर विसंबण्यातला सर्वांत मोठा धोका मात्र सोनापूरचे मजूर रोज ज्या पदार्थात हात घालतात त्यात दिसतो. ओल्या सिमेंटचा सामू १२.५ च्या वर असतो; हातमोज्यांशिवाय तासन् तास त्यात काम केले की कातडी भाजते, आणि ही इजा लगेच कळत नाही म्हणून अधिक वाईट. याच तीव्र आम्लारीमुळे काँक्रीटमधल्या सळईवर संरक्षक पापुद्रा टिकतो. काँक्रीटच्या पोटात घनरूप चुना असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून आम्लारी मारतो तसतसा तो चुना विरघळून भर घालतो. त्यामुळे वर्षानुवर्षे आतला सामू जवळजवळ हलत नाही. चुना संपला की मात्र तो झपाट्याने ९ च्या खाली येतो आणि सळई गंजू लागते. इमारत तपासणारे काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फथॅलिन शिंपडतात, गुलाबी राहिलेला भाग शाबूत आणि रंग न आलेला भाग गेलेला. किती खोलवर रंग येत नाही, यावरून साठा कुठवर संपला ते कळते. सामू इथे बातमी देतो, पण फार उशिरा देतो. समुद्राबाबतही हेच घडते आहे: औद्योगिक काळापासून त्याच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला, आकडा किरकोळ वाटतो, पण हायड्रोजन आयन जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढले आणि प्रवाळांना, शिंपल्यांना सांगाडा बांधायला लागणारे कार्बोनेट खर्ची पडले. समुद्र मोठा बफर आहे म्हणून काळजी नको, या युक्तिवादातली खोट इथे आहे. बफर बदल लपवतो, आणि लपवताना स्वतः झिजतो.

हे समजल्यावर घरातल्या आरओ यंत्राकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. भारतात राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यावर आरओ वापरण्यास प्रतिबंध करण्याचे निर्देश दिले, प्रामुख्याने वाया जाणाऱ्या पाण्याचा विचार करून. मुहैस्नाहमधल्या घरात हे यंत्र बसवले तर किनाऱ्यावर खर्च करून घातलेले बायकार्बोनेट स्वयंपाकघरात पुन्हा काढून गटारात सोडले जाते. हे तपासायला महाग उपकरण लागत नाही. शाळेची प्रयोगशाळा पुरते. १०० मिलिलिटर पाण्यात मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकावेत आणि ब्युरेटमधून ०.०२ नॉर्मल आम्ल सोडत पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत मोजावे. लागलेल्या मिलिलिटरांना १० ने गुणले की कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिटरमागे मिलिग्रॅममध्ये अल्कता मिळते. नळाचे पाणी, आरओचे पाणी आणि महागडी अल्कधर्मी बाटली अशी तीन भांडी ओळीने ठेवून हे अनुमापन करावे. आधी तिन्हींचा सामू कागदाने पाहून वहीत लिहावा, आणि शेजारच्या रकान्यात किती मिलिलिटर आम्ल लागले ते. १०० मिलिग्रॅम अल्कतेच्या पाण्याला १० मिलिलिटर लागतील. आरओच्या पाण्याला बहुधा पहिल्या एकदोन मिलिलिटरांतच रंग बदलेल, सामूच्या रकान्यात त्याच्यापुढे काहीही लिहिलेले असो.